बांध, वहिवाट आणि हिमालय

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान. व्याख्याते बी. ए., बी. एड. असून हायस्कूलमध्ये इतिहास-भूगोल शिकवतात.)





या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व या विषयावर कोणीतरी बोलते. यंदा अध्यक्षसाहेबांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि मी भारत व चीन यांच्यातील सीमाप्रश्न निवडला. तो ऐकून आमच्याच एका सहकाऱ्याने विचारले, "सर, जेऊरचा आणि हिमालयाचा काय संबंध? इथे उन्हाळ्यात डोक्यावर पाणी मारून घ्यावे लागते आणि तुम्ही बर्फाचे बोलणार!" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. पण या विषयाचे माझ्यावर एक देणे आहे, ते आधी सांगतो.

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात भारताचा नकाशा भिंतीवर लावला होता. लडाखच्या पूर्वेच्या बाजूला बोट ठेवून एका मुलीने विचारले, "सर, अक्साई चीन आपल्या नकाशात आहे. मग तिथे चीनचे सैन्य कसे?" प्रश्न साधा आणि सरळ होता. मी मात्र म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. पुढचे पान काढा." ती मुलगी मुकाट्याने खाली बसली.

मला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. खरे कारण आज आपल्यासमोर सांगतो, कारण सभागृहात सगळी आपलीच माणसे आहेत. माझ्या मनात आले, आपली शाळा ही अशी, आपले नाव हे असे. नकाशातली एखादी जमीन आपल्या ताब्यात नाही, असे मी वर्गात बोललो आणि अर्धेच वाक्य बाहेर गेले, तर लोक काय अर्थ काढतील? या भीतीने एका शिक्षकाने एका मुलीचा प्रश्न दाबला. त्या दिवसापासून तिचे उत्तर माझ्याकडे उधार आहे. आज व्याजासकट फेडण्याचा प्रयत्न करतो.

विषय मोठा आहे, म्हणून तो आपल्या शिवारातून सुरू करू.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी थोडीफार शेती आहे. जमिनीची हद्द दोन ठिकाणी असते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. एक असते कागदावर. सातबारा, गटाचा नकाशा, मोजणीची टिपणे, खरेदीखतातली चतुःसीमा, हा सगळा कागद. दुसरी असते रानात. कोण कुठपर्यंत नांगरतो, कुणाची जनावरे कुठपर्यंत चरतात, ती वहिवाट. कागद आणि वहिवाट एका जागी असली की दोन शेजारी सुखाने झोपतात. ती वेगळी झाली की भांडण आलेच.

आमच्या घरचेच उदाहरण देतो. माझे अब्बा आणि चाचा यांची वाटणी झाली तेव्हा मधल्या बांधावर एक लिंबाचे झाड होते. वाटणी तोंडी झाली. हद्द कुठून कुठपर्यंत, हे कुणी लिहून ठेवले नाही. झाड आहेच की खुणेला, असे सगळे म्हणाले. पुढे दरसाल पेरणीच्या आधी बांध थोडा थोडा कोरला जाऊ लागला. एका वर्षी वीतभर, दुसऱ्या वर्षी हातभर. कोरला कोणी? अब्बा म्हणत चाचांनी, चाचा म्हणत अब्बांनी. एका पावसाळ्यात झाडही पडले. मग मोजणी मागवली. मोजणीदार आले तर जुने खुणेचे दगडच जागेवर नव्हते. प्रकरण कोर्टात गेले आणि अकरा वर्षे चालले. या गोष्टीचा शेवट मी भाषणाच्या शेवटी सांगणार आहे. आत्ता एवढेच लक्षात ठेवा, की कागद, वहिवाट आणि बांध कोरणे हे तीन शब्द ज्याला कळले, त्याला हिमालयातला तंटा निम्मा कळला.

आता दुसरी गोष्ट, पाण्याची. आपला करमाळा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला. आपल्याकडे पाऊस पडला की एका अंगाचे पाणी भीमेकडे जाते आणि दुसऱ्या अंगाचे सीनेकडे. मधली जी उंचवट्याची ओळ पाण्याची अशी वाटणी करते, तिला भूगोलात जलविभाजक म्हणतात. डोंगराळ मुलुखात दोन देशांची हद्द ठरवताना हाच नियम बहुधा लावतात. पर्वताच्या माथ्यावरून रेषा न्यायची. पाणी इकडे वाहते ते आमचे, तिकडे वाहते ते तुमचे.

नियम चांगला आहे. पण लडाखच्या पूर्वेला तो अडतो. तिथे पर्वताची एक ओळ नाही. दक्षिणेला काराकोरम आहे, उत्तरेला कुनलुन आहे, आणि मधे सुमारे सतरा हजार फूट उंचीवर ओसाड पठार पसरले आहे. तेच अक्साई चीन. त्या पठारावरचे बरेचसे पाणी कोणत्याच समुद्राला जात नाही. खाऱ्या सरोवरांत जाते आणि तिथेच आटते. मग माथा कुठला धरायचा? कुनलुनचा धरला तर पठार आपल्याकडे येते, काराकोरमचा धरला तर पलीकडे जाते. निसर्गानेच जिथे बांध नीट घातला नाही, तिथे माणसांनी दीडशे वर्षे कागदावर रेघा ओढल्या.

त्या रेघांचा इतिहास थोडक्यात सांगतो.

१८३४ मध्ये जम्मूच्या डोगरा राजाचा सेनापती जोरावरसिंग याने लडाख जिंकले. पुढे तो तिबेटात शिरला आणि १८४१ मध्ये तिथे मारला गेला. १८४२ मध्ये दोन्ही बाजूंनी तह केला. त्यात जुन्या, पूर्वापार हद्दी कायम राहतील असे ठरले. पण त्या हद्दी कुठून कुठे जातात, हे तहात लिहिलेच नाही. खरेदीखत झाले, पण चतुःसीमा लिहायची राहिली! आमच्या अब्बांनी आणि चाचांनी जी चूक केली, तीच राजेरजवाड्यांनी केली होती.

मग इंग्रज आले. १८६५ मध्ये जॉन्सन नावाच्या मोजणी अधिकाऱ्याने त्या भागात प्रवास केला आणि त्याच्या नकाशाने अक्साई चीन काश्मीर संस्थानात दाखवले. १८९९ मध्ये इंग्रज सरकारने चीनला वेगळाच प्रस्ताव धाडला. त्यात अक्साई चीनचा मोठा भाग चीनच्या बाजूला जात होता. चीनच्या दरबाराने त्या पत्राला उत्तरच दिले नाही. कागदावर रेघ ओढलेली, पण समोरच्याची सही नाही, अशी स्थिती राहिली. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीच्या काही वर्षांच्या आपल्या सरकारी नकाशांवरही या बाजूची हद्द निश्चित नाही असेच छापलेले असे. १९५४ पासून नकाशावर पक्की रेघ आली.

पूर्वेकडची कथा निराळी. १९१४ मध्ये सिमल्याला इंग्रज, तिबेट आणि चीन यांचे प्रतिनिधी जमले. त्या वाटाघाटींच्या काळात इंग्रजांचे प्रतिनिधी मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी यांनी एका नकाशावर हद्द मान्य केली. हीच मॅकमहोन रेषा. चीनच्या सरकारने सिमल्याचा करार मानला नाही. शिवाय त्या नकाशाचे प्रमाण होते एक इंचास आठ मैल. विद्यार्थी मित्रांनो, पट्टी घेऊन हिशेब करा. एक इंचात आठ मैल मावतात, तर जाड टाकाच्या एका रेघेखाली किती रान झाकले जाईल? काही ठिकाणी नकाशावरची रेघ एकीकडून आणि डोंगराचा खरा माथा दुसरीकडून गेला. १९६२ च्या युद्धाची ठिणगी जिथे पडली, तो तवांगच्या पश्चिमेचा थाग ला डोंगर अशाच जागी आहे. भारत म्हणत होता, हद्द माथ्यावरून जाते. चीन म्हणत होता, नकाशावरची तुमची रेघसुद्धा माथ्याच्या दक्षिणेला आहे.

आता युद्धाकडे येऊ. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटसंबंधी करार झाला. पंचशील हा शब्द आपण पाठ करतो, तो त्याच करारातला. त्यात व्यापाराच्या, यात्रेकरूंच्या वाटा होत्या. हद्दीची चर्चा नव्हती. एकीकडे भाईचाऱ्याच्या घोषणा चालू होत्या आणि दुसरीकडे चीनने सिंक्यांग व तिबेट जोडणारा रस्ता अक्साई चीनमधून बांधून १९५७ मध्ये पुरा केला. म्हणजे कागद आमच्याकडे आणि वहिवाट त्यांची सुरू झाली. पठार इतके दूर, इतके उजाड, की तिथे आपले रोजचे लक्ष नव्हते. ज्या रानात मालक वर्षानुवर्षे फिरकत नाही, तिथे शेजाऱ्याची गाडीवाट पडते, हे इथे कोणाला सांगायला नको.

१९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि दोन्ही देशांचे संबंध बिघडले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैनिकांनी आपल्या गस्तीच्या पोलिसांवर गोळीबार केला. दहा पोलीस मारले गेले. दरवर्षी २१ ऑक्टोबरला आपल्या जिल्ह्यातसुद्धा पोलीस स्मृतिदिन पाळतात, त्याचे मूळ तिथे आहे. १९६० च्या एप्रिलमध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीत आले. पूर्वेकडची वहिवाट आम्ही मानू, पश्चिमेकडची तुम्ही माना, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. भारताला तो मान्य झाला नाही. नंतर आपण पुढे सरकून चौक्या टाकू लागलो, त्यांनीही टाकल्या.

आणि २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाखमध्ये आणि पूर्वेकडे एकाच वेळी हल्ला केला.

आपले जवान शूर होते, पण तयारी अपुरी होती. सोळा हजार फुटांवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्या हवेची सवय होण्यास दिवस लागतात. अनेक पलटणी सखल मुलुखातून घाईने वर नेल्या होत्या. अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते, हातात जुन्या बनावटीच्या रायफली होत्या. तरीही १८ नोव्हेंबरला चुशूलजवळ रेझांग ला या खिंडीत तेरावी कुमाऊँ पलटणीच्या एका कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली जी झुंज दिली, तिला तोड नाही. सुमारे एकशेवीस जवानांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. हिवाळा सरल्यावर त्यांची प्रेते बर्फात सापडली. कित्येकांच्या हातात शस्त्र तसेच होते. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

२१ नोव्हेंबरला चीनने आपण होऊन युद्धबंदी जाहीर केली. पूर्वेकडे तो मागे गेला. अक्साई चीन त्याने सोडले नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे आपले १,३८३ सैनिक ठार झाले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले आणि ३,९०० हून अधिक कैद झाले. लडाखमधला सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर प्रदेश चीनच्या ताब्यात आहे, असे भारत सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. हा आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या अडीचपटीहून मोठा मुलूख झाला. याशिवाय १९६३ मध्ये पाकिस्तानने आपल्या ताब्यातील काश्मीरचा शक्सगाम खोऱ्यातला ५,१८० चौरस किलोमीटरचा भाग करार करून चीनला दिला. चीन मात्र उलट पूर्वेकडचा, अरुणाचल प्रदेशातला सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर मुलूख आपला असल्याचे सांगतो.

आता ऐक, मुली. तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. नकाशा हा आपला कागद आहे, आपला हक्क आहे. ताबा ही वहिवाट आहे. दोन्हींत अंतर आहे, आणि ते आपल्याच सरकारने आपल्याच संसदेत सांगितले आहे. हे जाणणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. उलट आपल्या सातबाऱ्यातले किती रान दुसऱ्याच्या नांगराखाली आहे, हे ज्या मालकाला ठाऊकच नाही, तो हक्क कसला सांगणार?

या युद्धाशी आपल्या महाराष्ट्राचा जवळचा संबंध आला. नोव्हेंबर १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी आपले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा घराघरात म्हणत. यशवंतरावांनी पराभवाची कारणे तपासून घेतली, शिक्षणात आणि सामग्रीत काय उणे होते ते सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेपुढे मांडले आणि डोंगरात लढणाऱ्या खास डिव्हिजन उभ्या करण्याचे काम हाती घेतले. झालेली चूक झाकून न ठेवता दुरुस्त करणे, ही त्यांची मोठी देशसेवा. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी शहिदांसाठी जे गीत गायले, त्याची चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. आणि संरक्षण निधीला सोने-चांदी देणाऱ्या बायाबापड्यांत आमची दादीही होती. तिने पायातले चांदीचे तोडे दिले. पुढे कधी विषय निघाला की ती म्हणे, "पाय हलके झाले, बाबा. चालायला बरे."

पण सोलापूरकरांनी आणखी एक नाव विसरू नये. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले, त्यात ते होते. इतर परत आले, कोटणीस राहिले. रणभूमीजवळ त्यांनी जखमींवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. चीनमध्ये त्यांचे स्मारक आहे, सोलापुरातही आहे. चीनचे बडे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. विचार करा, कोटणिसांच्या मृत्यूला वीस वर्षे होण्याच्या आतच दोन देश एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. एका माणसाच्या पुण्याईने देशांचे बांध जुळत नाहीत हे खरे. पण भांडण सरकारांचे असते, चिनी माणूस जन्मतः आपला वैरी नसतो, हेही तितकेच खरे.

युद्धानंतरही बांध कोरणे थांबले नाही. १९६७ मध्ये सिक्कीममध्ये नथू ला आणि चो ला येथे मोठ्या चकमकी झाल्या आणि तिथे आपल्या सैन्याने चोख जबाब दिला. १९७५ मध्ये अरुणाचलमध्ये चार जवान मारले गेले. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी चीनला गेले आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. १९९३ आणि १९९६ मध्ये करार झाले. ज्याच्या ताब्यात जे आहे ती प्रत्यक्ष ताबारेषा दोघांनी तूर्त पाळावी आणि तिच्या दोन किलोमीटरच्या आत बंदूक चालवू नये, असे ठरले. पण इथेही तीच मेख राहिली. ताबारेषा कुठून जाते, याचा एकच नकाशा दोघांनी मिळून केला नाही. काही जागी आपली समजूत एक, त्यांची दुसरी. मधल्या पट्ट्यात दोघेही गस्त घालतात आणि समोरासमोर येतात. २०१३ मध्ये देप्सांगला असे झाले. २०१७ मध्ये भूतानच्या सीमेवरील डोकलाम येथे दोन्ही सैन्ये ७३ दिवस समोरासमोर उभी होती.

आणि १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात ते झाले, जे आपण सगळ्यांनी ऐकले. बंदूक न चालवण्याचा करार असल्यामुळे दगड, सळया आणि खिळे मारलेल्या सोट्यांनी मारामारी झाली. कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपले वीस जवान शहीद झाले. चीनने आपले चार सैनिक मेल्याचे पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये कबूल केले. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ हजारो सैनिक कडाक्याच्या थंडीत तळ देऊन राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये देप्सांग आणि देमचोक येथे पूर्वीसारखी गस्त घालण्याविषयी समझोता झाला. मूळ तंटा त्याने मिटलेला नाही.

गलवान हे नाव कुठून आले, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. त्यासाठीच मी इतका वेळ थांबलो होतो. ते एका माणसाचे नाव आहे. गुलाम रसूल गलवान. सुमारे १८७८ मध्ये लेह येथे एका गरीब मुसलमान घरात जन्मलेला मुलगा. त्या काळी लेहहून काराकोरम खिंडीतून यारकंदला व्यापारी तांडे जात. खिंडीची उंची अठरा हजार फूट. पोरवयातच तो इंग्रज प्रवाशांच्या तांड्यांबरोबर ओझी वाहू लागला, तट्टे हाकू लागला. एका मोहिमेत तांडा दरीत अडकला असता या पोराने वाट शोधून काढली आणि म्हणून त्या नदीला त्याचे नाव दिले, असे सांगतात. भारतात अशी नदी क्वचितच सापडेल, जिला राजाचे किंवा साहेबाचे नव्हे तर एका तट्टूवाल्याचे नाव आहे.

पण पालकहो, मला त्याची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. या माणसाला लडाखी, तुर्की, उर्दू बोलता येई. इंग्रजी तो साहेबांच्या सोबतीने, तोडक्यामोडक्या वाक्यांनी शिकला. आणि तेवढ्या भांडवलावर त्याने आपले आत्मचरित्र लिहिले. ते १९२३ मध्ये इंग्लंडात छापले गेले. ज्यांच्या तांड्यात त्याने नोकरी केली, त्या फ्रान्सिस यंगहजबंड यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. गुलाम रसूल लेहमध्ये सरकारी जबाबदारीच्या जागेपर्यंत चढला आणि १९२५ मध्ये वारला. ओझी वाहणारे हजारो होऊन गेले. आपण पाहिलेले ज्याने लिहून ठेवले, तो शंभर वर्षांनंतरही बोलतो आहे. वीस जवानांच्या बलिदानाचे नाव म्हणून आज सारा देश जे नाव घेतो, ते एका गुलाम रसूलचे आहे. मी वर्गात ज्या भीतीने गप्प बसलो, त्या भीतीची मला हे वाचल्यावर लाज वाटली. या देशाच्या भूगोलात आपली नावे आधीपासून लिहिलेली आहेत. भूगोलाचा खरा धडा शिकवायला आपण कचरायचे कारण नाही.

या भांडणाची किंमत सैनिकांइतकीच आणखी कोणी मोजत असेल, तर तिथले मेंढपाळ. पूर्व लडाखमध्ये चांगपा लोक पश्मिना शेळ्या पाळतात. त्यांच्या लोकरीपासून काश्मीरची उंची शाल विणली जाते. हिवाळ्यात ते कळप घेऊन खालच्या कुरणांत उतरतात. त्यांतली काही कुरणे ताबारेषेच्या ओढाताणीत बंद झाली. २०२० नंतर काही जागी दोन्ही सैन्यांच्या मधे मोकळे पट्टे ठेवले, तिथेही कळप नेता येईना. आपल्याकडचा धनगर बांधवसुद्धा सांगेल, चारणीची वाट बंद झाली की मेंढरू जगत नाही. आणि आपल्या मेंढपाळाची जिथे रोजची वहिवाट असते, तिथे देशाचा हक्कही भक्कम असतो. हा माणूस तिथून उठला तर बांधावर उभे राहायला फक्त शिपाई उरतो.

मग हा तंटा मिटेल का? मिटू शकतो, याला दाखले आहेत. चीनने आपल्या चौदा शेजाऱ्यांपैकी बारांशी जमिनीवरील हद्दीचे प्रश्न मिटवले. भारत आणि भूतान एवढे दोन राहिले. ज्या रशियाशी १९६९ मध्ये चीनची रक्तरंजित चकमक झाली, त्याच्याशीही पुढे करार झाला. आपणही बांगलादेशाशी प्रश्न मिटवला. १ ऑगस्ट २०१५ पासून १११ भारतीय वस्त्या त्यांच्याकडे आणि त्यांच्या ५१ वस्त्या आपल्याकडे आल्या. ज्यांना देशच नव्हता असे हजारो लोक त्या रात्री कुठल्यातरी देशाचे नागरिक झाले. अशा तडजोडीला दोन गोष्टी लागतात. बांधावर आपला पाय पक्का हवा, आणि शेजाऱ्याशी बोलणे चालू हवे. १९६२ पूर्वी आपण बोलत राहिलो, पण पाय पक्का नव्हता. नुसता पाय रोवून बोलणे बंद केले, तर काय होते, ते आमच्या घराने पाहिले आहे.

आता त्या गोष्टीचा शेवट सांगतो. कोर्टाचा निकाल लागण्याच्या आधीच चाचा वारले. अकरा वर्षांत दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. ईदच्या नमाजला एकाच सफेत उभे राहत आणि गळाभेट न घेता परत येत. चाचा गेल्याचे कळले तेव्हा अब्बा चप्पल न घालता धावत गेले. जनाज्याला त्यांनी कबरस्तानापर्यंत खांदा दिला, दुसऱ्या कुणाला बदलू दिला नाही. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "दीड गुंठा होता रे तो. वकिलाला दिले तेवढ्यात दोन एकर आले असते." पुढे माझे चुलतभाऊ आणि मी मिळून मोजणी केली, खुणेचे दगड रोवले, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. थोडी जमीन आमच्याकडून गेली, थोडी आली. बांधावर पुन्हा लिंब लावला आहे. पण जे बोलणे राहिले, ते राहिलेच.

देश म्हणजे दोन भाऊ नव्हेत, हे मला कळते. राष्ट्राची जमीन दीड गुंठ्यासारखी सोडून देता येत नाही, कारण ती एका पिढीची नसते. म्हणून तर ती पक्की जाणून घ्यायची, पक्की राखायची आणि बोलण्याचे दार उघडे ठेवायचे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे. नकाशा पाहताना रेघेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते विचारा. पाणी कुठे वाहते, रस्ता कुणाचा आहे, कळप कोण चारतो, ते विचारा. पालकांनो, तुमच्या मुलीने असा प्रश्न विचारला तर तिला गप्प करू नका. तिला पुढे शिकवा. तुमच्याच घरातून उद्याचा मोजणीदार, सैन्यातला अधिकारी, परराष्ट्र खात्यातला वाटाघाटी करणारा निघायचा आहे. आणि शिक्षक बंधूंनो, "परीक्षेला येत नाही" हे वाक्य मी माझ्यापुरते बंद केले आहे. आपणही करून पाहा.

ती मुलगी आता दहावीत आहे आणि या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली आहे. बेटा, उत्तराला वर्ष लागले, त्याबद्दल माफ कर. काही राहिले असेल तर उद्या वर्गात विचार.

 जय हिंद! जय महाराष्ट्र!